आबांची वही

आषाढ लागला की आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत पाट यायला सुरुवात होते. आमच्या मालवण तालुक्यात मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. घरोघरचे पाट येतात, पालथे घातले की मागे खडूने घराचं नाव लिहिलेलं असतं, आणि चतुर्थीपर्यंत त्या पाटाची आणि त्यावरच्या मूर्तीची जबाबदारी शाळेची. आमची शाळा माझ्या चुलतकाकांची. त्यांना सगळी वाडी आबा म्हणते.

तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे रंगांच्या बिलांचा हिशेब करायला बसले होते. हिशेब लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. तालुक्यातल्या लहान दुकानदारांची खाती मी सांभाळते. बोलता बोलता मी आबांना गणित घालून दिलं. पाट चाळीस, दिवसाला दोन मूर्ती धरल्या तर वीस दिवसांत मातीकाम उरकतं, मग रंगाला हवे तेवढे दिवस हातात राहतात. म्हणजे अजून आठ-दहा पाट घ्यायला काहीच हरकत नाही.

आबांनी वाद घातला नाही. फडताळातून एक जाड वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "गणित तुझा बरोबर आसा," ते म्हणाले, "पण आता ह्या बघ."

वहीत एका वर्षाला एक पान. वर साल आणि पाटांचा आकडा, खाली फक्त तारखा. पहिला पाट आला, माती संपली, शेवटची मूर्ती सुकली, पांढरा हात झाला, डोळ्यांची आखणी झाली. काही तारखांपुढे दोन-तीन शब्द: "झड", "लाईट नाय", "पोरगो तापान". पाट चाळीसच्या आसपास होते त्या वर्षांचं मातीकाम मी मोजत गेले. सत्तावीस दिवस, एकोणतीस, सव्वीस, एकतीस. पानं मागे उलटत दहा-बारा वर्षं गेले. "वीस दिवसांचा वरस अजून माका गावला नाय," आबा म्हणाले आणि माती मळायला उठले.

त्या वहीने माझ्या डोक्यात जे काही हललं ते समजून घ्यायला मला बराच काळ लागला. हा लेख त्याबद्दलच आहे, कारण मला वाटतं की आपल्यातले पुष्कळ लोक ज्याला स्वतःचा आळस म्हणतात तो आळस नसतोच. काम कधी पुरं होईल याचा अंदाज चुकलेला असतो, आणि त्या चुकीची शिक्षा आपण स्वतःच्या स्वभावाला देत राहतो.

या चुकीला मानसशास्त्रात नाव आहे. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या दोघांनी 1979 मध्ये तिला प्लॅनिंग फॅलसी म्हटलं. मराठीत नियोजनाचा भ्रम म्हणू. पुढे 2002 मध्ये कानेमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण या विषयातली त्यांची सगळ्यात शिकवणारी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या फजितीची आहे आणि ती त्यांनीच मोकळेपणाने सांगितली आहे.

इस्रायलमध्ये माध्यमिक शाळांसाठी एक नवा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करायला त्यांनी एक गट जमवला होता. निर्णय कसे घ्यावेत हाच त्याचा विषय. वर्षभर काम चांगलं चाललं. एक दिवस कानेमन म्हणाले, पुस्तक पुरं व्हायला अजून किती काळ लागेल ते प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता कागदावर लिहा. सगळ्यांचे आकडे दीड ते अडीच वर्षांच्या मध्ये आले. गटात अभ्यासक्रम तयार करण्यातला एक जाणकार होता. कानेमनांनी त्याला विचारलं, आपल्यासारखे दुसरे गट तुम्ही पाहिले असतील, त्यांना किती लागला? तो माणूस गप्प झाला. मग म्हणाला, साधारण चाळीस टक्के गटांचं काम कधी पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. आपला गट त्यांच्यापेक्षा सरस आहे का? नाही, उलट थोडा डावाच. शेवटी ते पुस्तक पुरं झालं ते त्यानंतर आठ वर्षांनी.

माझं मन यातल्या एका गोष्टीवर खिळतं. त्या जाणकाराने स्वतःच्या कागदावरही दीड ते अडीच वर्षांतलाच आकडा लिहिला होता. खरी माहिती त्याच्याच डोक्यात होती, पण विचारेपर्यंत ती आकड्याजवळ आलीच नाही. स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना त्याने बाकीच्या गटांकडे पाहिलं नाही, समोरच्या कामाकडे पाहिलं. अमुक धडा झाला, तमुक उरला, वेग बरा आहे.

कानेमन याला आतली नजर आणि बाहेरची नजर म्हणत. आतल्या नजरेने पाहिलं की काम कसं पुढे सरकेल याची एक गोष्ट डोळ्यासमोर येते, आणि त्या गोष्टीत सगळं सुरळीत पार पडतं. चाळीस पाट, दिवसाला दोन, झाले वीस दिवस. या गोष्टीत झड लागत नाही, कारण झड नेमकी कोणत्या दिवशी लागेल ते मला ठाऊक नसतं, आणि जे नेमकं ठाऊक नाही ते गोष्टीत बसत नाही. बाहेरची नजर गोष्ट सांगतच नाही. ती इतकंच विचारते, की असल्या कामाला आजवर किती दिवस लागले? आबांची वही ही ती बाहेरची नजर होती. माझ्या गणितात चूक शोधायची त्यांना गरजच पडली नाही.

आपण मनातल्या मनात धरतो तो अंदाज किती भाबडा असतो, याचा एक अभ्यास 1994 मध्ये कॅनडात रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी प्रसिद्ध केला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत द्याल? सरासरी उत्तर आलं साधारण 34 दिवस. सगळं मनासारखं झालं तर? 27 दिवस. आणि जेवढं वाईट होऊ शकतं तेवढं वाईट झालं तर? 49 दिवस. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून अधिक लागले. म्हणजे त्यांनी मुद्दाम वाईटातलं वाईट कल्पून दिलेला आकडासुद्धा खऱ्या आकड्याच्या अलीकडेच थांबला. हे वाचलं तेव्हा मी जागेवरून उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "जरा जास्तीचे दिवस धरून ठेवले आहेत" असं मी दुकानदारांना किती वर्षं सांगत आले होते!

मग मागच्या अनुभवातून माणूस शिकत का नाही? याचं उत्तर त्याच संशोधकांच्या कामात मिळतं. मागच्या उशिराची कारणं आपण अशी लावतो की ती पुढे लागू पडूच नयेत. गेल्या वेळी उशीर झाला कारण लाईट गेली. त्याआधी घरात लग्न होतं. त्याआधी प्रिंटर बिघडला. प्रत्येक कारण खरं असतं आणि प्रत्येक एकदाच घडलेलं असतं, म्हणून पुढच्या वेळचा अंदाज बांधताना आपण ते बाजूला ठेवतो. तेच कारण पुन्हा येणार नाही हे बरोबर आहे. पण कुठलं ना कुठलं कारण येणारच, आणि त्याला आपण आकड्यात जागा ठेवत नाही.

आबांच्या वहीतले ते "झड", "लाईट नाय", "पोरगो तापान" हे शब्द एकाखाली एक वाचले तेव्हा मला हे उघड दिसलं. जून-जुलैत आमच्याकडे लाईट जाणं हा अपवाद नाही, तो ऋतूच आहे. पण दर वर्षी त्याला नवं संकट समजून मी नव्याने वैतागत होते.

आणखी एक गंमत त्याच अभ्यासमालेत दिसली. दुसऱ्याचं काम कधी पुरं होईल हे सांगताना माणसं इतकी आशावादी नसतात. दुसऱ्याचा मागचा इतिहास ती लगेच जमेस धरतात. आपल्याही घरात पाहा. "मोगऱ्याचं कुंपण या रविवारी घालतो" असं भाऊ म्हणाला की आईच्या चेहऱ्यावर उत्तर दिसतंच. भावाला मात्र मनापासून वाटत असतं की या रविवारी घालूच. तो खोटं बोलत नसतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरात आणि कामाच्या जागी निम्मी भांडणं "तू बोललास आणि केलं नाहीस" यावरून होतात, आणि बोलणारा खोटारडा ठरतो.

आता चुकीची दुसरी बाजू, ती निव्वळ गणिताची आहे. समजा एका कामाचे दहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा वेळेवर होण्याची शक्यता दहात नऊ. ऐकायला किती भरवशाचं वाटतं! पण दहाच्या दहा टप्पे वेळेवर होण्याची शक्यता काढायची तर 0.9 ला 0.9 ने नऊ वेळा गुणत जावं लागतं. उत्तर येतं 35 टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक कडी मजबूत असूनही सगळी साखळी वेळेवर पोचणं साधारण तीन वेळांतून एकदा. टप्पे जितके जास्त तितकं हे उत्तर खाली जातं, आणि आपलं मन मात्र एका कडीचा भरवसा सगळ्या साखळीला लावून मोकळं होतं.

याचं आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे कोकण रेल्वे. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्याकडे धुरा आली आणि पाच वर्षांत काम पुरं करायचं ठरलं. रोहा ते मंगळूर सुमारे 740 किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, तो खडक फोडून काढला. पण सगळ्यांत जास्त दमवलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्याने. तिथे खडक नव्हता, पाण्याने भिजलेली मऊ माती होती, आणि खोदलेलं पुन्हा पुन्हा ढासळत होतं. सगळी लाईन खुली झाली 26 जानेवारी 1998 ला. ज्या डोंगरदऱ्यांतून ती गेली ते पाहता हे काम विलक्षण वेगाने झालं असंच मी म्हणेन. मला सांगायचंय ते इतकंच, की नव्वदवर बोगदे झाले तरी एक उरला असेल तोवर गाडी आरपार जात नाही. एखादं काम "नव्वद टक्के झालंय" म्हणताना उरलेल्या दहात कुठलं पेडणं लपलंय ते पाहायला हवं.

मग करायचं काय? इथे मला समुद्रावर जाणारी माणसं आठवतात. आमच्याकडचा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा, किंवा खाडीत होडी घालणारा माणूस भरती कधी येईल याचा अंदाज आपल्या उमेदीवरून करत नाही. तो तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत राहतो म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. तिथीमागे पाऊण तास हा त्याचाच बोटांवर मोजता येणारा हिशेब. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. हे कुणी एका दिवसात शोधलेलं नाही. पिढ्यानपिढ्या पाण्याकडे पाहून, लक्षात ठेवून बसवलेलं आहे. आज मला लवकर निघायचंय म्हणून भरती लवकर येत नाही, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असतं.

स्वतःच्या कामाचं असं कोष्टक मी करायला घेतलं. एक साधी शंभर पानी वही. काम हातात घेताना लिहायचं: काम काय, किती वेळ लागेल असं वाटतंय. संपल्यावर लिहायचं, किती लागला. आधीचा आकडा नंतर खोडायचा नाही, एवढा एकच कडक नियम. कारण काम झाल्यावर मन मागचा अंदाज बदलून टाकतं, आणि झालेलं कामही आठवणीत आखडून बसतं. दुपारभर चाललेलं काम महिन्याने "तासा-दीड तासाचं" वाटायला लागतं. आठवणीवर विसंबून अंदाज चुकतो तो असाही.

एका दुकानाचं महिन्याचं जीएसटीचं काम माझ्या अंदाजाने दोन तासांचं होतं. चार महिने लिहिल्यावर सरासरी निघाली तीन तास वीस मिनिटं. इतर कामांतही प्रमाण जवळपास तेच. मला जे वाटतं त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट. हा माझा आकडा, तुमचा वेगळा असेल. हा आकडा हातात आल्यावर पहिले दोन दिवस मला वाईट वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी फार हलकं वाटलं. कित्येक वर्षं 11 आणि 20 तारखेच्या, म्हणजे जीएसटीची विवरणं भरायच्या मुदतीच्या, आधीच्या रात्री जागताना मी स्वतःला बेशिस्त म्हणत आले होते. मी आठ तास नीट कामच करत होते. तेरा तासांचं काम आठ तासांत बसवलं होतं, इतकंच.

वहीने दुसरी एक गोष्ट दाखवली जी मी कधीच पाहिली नव्हती. तीन तास वीस मिनिटांतला एक तासाहून जास्त वेळ हिशेबात जातच नव्हता. तो जात होता बिलं मागण्यात. दुकानदाराला फोन, मग त्याच्या मुलाला, मग व्हॉट्सॲपवर आलेला बिलाचा अंधुक फोटो परत मागवणं. या कामाला माझ्या मनात नावच नव्हतं, म्हणून अंदाजात त्याला जागा नव्हती. कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला नाव दिलं की माणसाचा अंदाज वाढतो आणि खऱ्याच्या जवळ येतो, असं 2004 मध्ये जस्टिन क्रूगर आणि मॅट इव्हान्स यांच्या प्रयोगांतही दिसलं होतं. "गणपतीत फराळ करायचा" हे एक काम वाटतं. रवा चाळणं, नारळ खवणं, गॅस संपलाय का पाहणं, डबे धुऊन वाळवणं असं लिहून काढलं की कुणीही एका संध्याकाळीचा बेत करणार नाही.

इथे एक सावधगिरी. मागचं नुसतं आठवून भागत नाही. ब्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात असंच दिसलं. मागची कामं आठवायला सांगितली तरी लोकांचे अंदाज सुधारले नाहीत. मागचा अनुभव आणि समोरचं काम यांची स्पष्ट सांगड घालायला लावली तेव्हाच सुधारले. म्हणून वही भरून फडताळात ठेवली तर उपयोग नाही. कुणी "कधी देशील?" विचारलं की तोंड उघडण्याआधी ती उघडायची. फोनवर मी सरळ सांगते, "दोन मिनिटांत सांगते हां." त्या दोन मिनिटांत त्याच जातीचं मागचं काम शोधते, त्याचा खरा आकडा घेते आणि तोच सांगते. पूर्वी समोरच्याला बरं वाटावं म्हणून आकडा तोंडातून लहान होऊन बाहेर पडायचा. आपल्याकडे नाही म्हणणं जड जातं, त्यातून मुंबईहून चाकरमानी भाऊबंदांचा फोन असेल तर जास्तच.

अगदी नवं, आधी कधी न केलेलं काम आलं तर वहीत काही मिळत नाही. तेव्हा ज्याने ते केलंय त्याला विचारायचं. पण "किती लागतील?" असं विचारू नये, "तुला किती लागले होते?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला तोही गोष्ट रचून सांगतो, दुसऱ्याला तारखा आठवतो. आंब्याच्या बागेत पहिल्यांदाच स्वतः तोडणी आणि पेट्या भरणं अंगावर घेतलेल्या माझ्या मैत्रिणीला हा फरक फार उपयोगी पडला. शेजारच्या बागायतदाराने आधी "चार दिवसांत होता" म्हटलं होतं. गेल्या वर्षीचं विचारल्यावर झेल्याने, म्हणजे लांब काठीच्या जाळीने, तोडणी, प्रतवारी, गवताची आढी, पेट्या आणि मिळत नसलेला टेम्पो धरून नऊ दिवस निघाले.

आशा सोडा असं मी म्हणत नाही. आपल्याला जमेल असं वाटल्याशिवाय कुणी बाग घेणार नाही, शाळा चालवणार नाही. काम घ्यावं की नाही हे उमेदीने ठरवावं. ते कधी देणार ही तारीख वहीतून द्यावी. आबा दर वर्षी एक-दोन पाट जास्तीचे घेतातच, कुणाला परत पाठवणं त्यांना होत नाही. पण मग माती चार दिवस आधी मळायला घेतात.

तीन वर्षांत माझे आकडे बरेच जवळ आले आहेत. महिन्याच्या कामाला आता मी तीन तास धरते आणि सव्वातीनच्या आसपास लागतात. एकाच रकान्यात काही सुधारणा नाही, बिलं मागण्याच्या. तिथे अजूनही जे वाटतं त्याच्या अडीचपट लागतात. वही नीट पाहिली तेव्हा कळलं की ते फोन मी नेहमी संध्याकाळी करते, दुकानात गर्दी असते तेव्हा. यंदा जूनपासून ते सकाळी साडेनऊला, दुकानं उघडताना करून पाहतेय. दोन महिन्यांचे आकडे लिहून झालेत, चतुर्थीच्या गडबडीतला महिना अजून यायचाय.